कोमट पाणी

"ताई, बघितलंस? परत थांबली."

मी येऊन पोचते न पोचते तोच निमाने माझ्या कोपराला चिमटा काढला. आमच्या पुढे चार पावलांवर हारुका एका दुकानाच्या काचेला नाक लावून आतले पायमोजे बघत होती. साधे पायमोजे. आख्खं दुकान पायमोज्यांचं, आणि ही अशी बघतेय जसं काही आत पैठण्या मांडल्यात.

"थांबली तर थांबली," मी म्हटलं. "बाजार दाखवायलाच आणलंय ना तिनं आपल्याला?"

"बाजार कुठं बघतेय? दम खातेय ती. मघाशी त्या औषधांच्या दुकानाशी थांबली. मग बुटाची नाडी बांधायला वाकली. मग ती पाटी वाचत उभी राहिली. तिच्याच देशातली पाटी, तिला वाचायला एवढा वेळ लागतो होय? माझं ऐक, मुलीत काहीतरी खोट आहे. पायात तरी, नाहीतर छातीत तरी."

"हळू बोल."

"तिला कुठं मराठी कळतंय!"

एवढं बोलून निमा पदर खोचून पुढे निघालीसुद्धा. हारुकाही मोज्यांचा नाद सोडून हसत वळली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली. मी त्यांच्या मागून.

निमा माझी धाकटी बहीण. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवसाचं तिचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर अजून तसंच आहे. कपाळाला आठी, ओठ मुडपलेले, आणि नजर अशी की समोरच्याला उभं-आडवं तराजूत घालून बघावं. तिचा एकुलता एक मुलगा हृषी ओसाकात यंत्रांच्या एका कंपनीत नोकरीला होता. त्यानं एक दिवस फोनवर सांगितलं की मला एक मुलगी आवडलीय आणि ती जपानी आहे. त्या दुःखानं निमानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. म्हणजे पोळी-भाजीला लावला नाही, चिवड्याचा डबा मात्र रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देणार नाही."

आणि आमचा हृषी म्हणाला, "चालेल आई. तू बघ. तू नाही म्हणालीस तर मी लग्न करणार नाही."

असा शब्द देणाऱ्या मुलाला लोक आज्ञाधारक म्हणतात. मी मिरजेच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तिथं अशांना आम्ही ठोंब्या म्हणायचो. बरं, हे त्यानं हारुकालाही सांगून ठेवलं होतं, खरेपणानं. म्हणजे ती बिचारी अर्ध्या दिवसाची रजा काढून आम्हाला शहर दाखवत होती ती परीक्षेलाच बसल्यासारखी, आणि परीक्षक कोण, तर जिचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं अशी आमची निमा. म्हणून मला बरोबर घेतलेलं. विमानात बसल्या बसल्या मला ताकीद मिळाली होती, "ताई, तू फक्त तिला सांगायचं आणि तिचं ऐकायचं. मत मी देणार."

मला हारुकाबद्दल मत द्यायचंही नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर ती मला फारशी आवडलीही नव्हती. गोड बोलणारी, सारखी वाकणारी, दर दुकानाशी रेंगाळणारी पोरगी. हृषीला असलंच काहीतरी आवडणार, असं मी मनात म्हटलं होतं.

आणि तो नाम्बा नावाचा भाग! हृषीनं आदल्या रात्री त्याचं एवढं वर्णन केलं होतं की मला वाटलं, काशी-रामेश्वराचं पुण्य तिथंच वाटतात. बघितलं तर काय, तुळशीबागेवर कुणीतरी काचेचं छप्पर घातलंय, तिला मैलभर ताणलंय, आणि वर लाख दिवे लावलेत. भर दुपारी दिवे. प्रत्येक दारात एकेक मुलगी नाकातून किनऱ्या आवाजात "या, या" करत उभी. एका दुकानावर घराएवढा खेकडा चिकटवलेला, आणि तो नुसता चिकटवलेला नाही, नांग्याही हलवतो. त्याच्याखाली शेकडो शहाणीसुरती माणसं फोन वर धरून त्याचे फोटो काढत होती. खेकडा बघायला एवढ्या लांब यायचं तर आमच्या कृष्णेच्या काठी फुकट दिसतात, आणि ते जिवंत असतात.

रस्त्यावर मात्र कागदाचा कपटा नव्हता. कचऱ्याची पेटीही नव्हती. निमानं सकाळी सोललेल्या संत्र्याची सालं ती पर्समध्ये घेऊन फिरत होती आणि दर वळणावर मला विचारत होती, "आता तरी टाकू का गं?"

एका गाडीपाशी आप्पे चालले होते. अगदी आपलं आप्पेपात्र, तसेच खळगे, तसंच पीठ, आणि एक पोरगा दोन सळ्यांनी ते असे भराभर उलटत होता की निमाही क्षणभर आठी विसरली. "अगं बाई, आप्पे!" म्हणून ती पुढे झाली. तेवढ्यात तिला पिठात टाकलेला गुलाबी तुकडा दिसला.

"ते काय?"

मी हारुकाला विचारलं. तिनं सांगितलं, ऑक्टोपस.

"आठ पायांचा तो?" निमा तोंडाला पदर लावून मागे सरली. "आणि हे माझ्या घरात शिजणार!"

"तुझ्या घरात कशाला शिजेल? ती दोघं इथंच राहणार आहेत."

"तू तिच्या बाजूनं बोलू नकोस."

"मी आप्प्यांच्या बाजूनं बोलतेय," मी म्हटलं.

हारुका आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. काहीतरी बिनसलं एवढं तिला समजलं असणार. ती आम्हाला लगबगीनं एका दगडी बोळात घेऊन गेली. तिथं दोन माणसं शेजारी शेजारी चालली तर खांद्याला खांदा घासेल. बोळाच्या टोकाला एक छोटं देऊळ, आणि देवाच्या अंगावर नखशिखांत हिरवंगार शेवाळं. तोंड कुठलं आणि हात कुठला तेही कळेना. येणारा प्रत्येक जण लाकडी पळीनं त्याच्या अंगावर पाणी मारत होता आणि हात जोडत होता. शेवाळाचं कारण तेच.

"आपल्याकडे देवाला असं शेवाळं धरलं असतं तर गुरवाला गावाबाहेर काढला असता," निमा म्हणाली. पण देव तो देव. तिनंही पळीभर पाणी मारलं, डोळे मिटले आणि ओठ हलवले. तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही. तोंडावरूनच दिसत होतं की 'हे संकट टाळ' याखेरीज ती काही मागत नव्हती.

हारुकानं पळी भरून आधी माझ्या हातात दिली आणि मग स्वतः पाणी मारलं. ती डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. परत निघालो तशी बोळाच्या मधोमध तिची नाडी पुन्हा सुटली.

निमानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

तिथून आम्ही कालव्याच्या काठी आलो. शहराच्या मधोमध वाहणारा तो कालवा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचा रस्ता आणि बसायला बाकं. डोक्यावरून पूल गेलेला, आणि पुलावर चढायला रुंद पायऱ्या. हृषी कामावरून सुटला की इथंच येणार होता, मग चौघांनी मिळून जेवायला जायचं. आम्ही बाकावर टेकलो. माझ्या पायांना हायसं वाटलं. निमा मात्र टेकली नाही तोच कुजबुजली, "ताई, आता मला पक्कं बघायचंय. हृषी यायच्या आत. तिला म्हणावं, मला पाणी हवंय."

मी हारुकाला सांगितलं. बाकामागेच पाण्याच्या बाटल्यांचं यंत्र होतं. ती उठली, दोन पावलं गेली, नाणं टाकलं, बाटली काढली, दोन पावलं परत आली. निमा डोळे फाडून तिच्या पायांकडे बघत होती, पण चार पावलांत काय दिसणार! त्या देशात पाण्याचं यंत्र हाकेच्या अंतरावर नाही अशी जागाच सापडत नाही.

निमानं बाटलीला नुसता हात लावला आणि मागे घेतला.

"हे नको. थंड चालत नाही मला, घसा धरतो. कोमट आणायला सांग. तिकडे पुलापलीकडं चहाचं दुकान दिसतंय बघ, तिथून."

ते शब्द ऐकले आणि माझं अंग तापलं. कारण ते शब्द निमाचे नव्हतेच. ते तिच्या सासूचे होते, जसेच्या तसे.

मी लग्नाची होते तेव्हा मिरजेच्या आमच्या घरी, सोप्यात, सतरंजीवर मला बघायला आलेले पाहुणे बसले होते. मी पदर सावरून समोर बसलेली. आईनं निऱ्या मुद्दाम खाली सोडल्या होत्या आणि मला मधल्या दाराच्या अगदी जवळची जागा दिली होती. मुलाच्या आईनं नाव विचारलं, मी 'कुमुद' सांगितलं. शिक्षण विचारलं, भरतकाम बघितलं, सगळं गोडीत. मग म्हणाली, "जरा पाणी मिळेल का?" तांब्या-भांडं तिच्या समोरच होतं. "हे नको गं बाई. थंड चालत नाही मला, घसा धरतो. आतून कोमट आणतेस?"

चांगल्या घरच्या बायका 'चालून दाखव' असं तोंडावर म्हणत नसत. त्या पाणी मागत.

माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं आखूड राहिलेला आहे. जाड तळाचा बूट घातला की कुठंही जाते, पण घरात अनवाणी चालायचं तर दर पावलाला खांदा खाली जातो. त्या दिवशी मी सोप्यातून स्वयंपाकघरात गेले आणि कोमट पाण्याचं भांडं घेऊन परत आले. अर्धं वाटेतच सांडलं. बाईंनी एक घोट घेतला, "छान," म्हणाल्या आणि भांडं खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. महिन्याभरानं त्याच घरानं निमाला मागणी घातली. तेव्हा पत्रिका कुणी बघितलीच नाही.

त्या नवऱ्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. नंतर मेहुणा म्हणून जन्मभर बघितला. आमटीत मीठ कमी पडलं तर संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं करून बसणारा माणूस; सुटले मी. पण निमा त्या दिवशी मधल्या दाराच्या पडद्याआड उभी होती. तिनं मला जाताना बघितलं होतं आणि येतानाही बघितलं होतं. सासूचे पाटल्या-गोठ वाटणीत थोरल्या जावेकडे गेले, आणि ही विद्या तेवढी निमाकडे आली.

"सांग ना तिला," निमा म्हणाली.

"मी नाही सांगणार. तुला हवं तर तू माग."

"अगं, नुसतं पाणी तर मागायचंय!"

"मला ते पाणी ठाऊक आहे, निमे."

तिला आठवलं की नाही, देव जाणे. दुसरी कुणी असती तर विषय सोडला असता. पण निमानं हारुकाकडे वळून गळ्याला हात लावला, खोकल्यासारखं केलं, पुलापलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हॉट वॉटर. नो कोल्ड. थ्रोट."

हारुका ताडकन उठली. "हाय, हाय," म्हणजे हो हो, असं म्हणून निघाली.

निघाली म्हणजे धावत सुटली. हरणासारखी. पुलाच्या पायऱ्या तिनं दोन-दोन करत ओलांडल्या. वर पुलावर ही गर्दी! तिथल्या एका इमारतीवर हात वर करून पळणाऱ्या माणसाची भली मोठी जाहिरात आहे, आणि जो तो तिच्यासमोर एक पाय उचलून, तसेच हात वर करून फोटो काढून घेतो. एका पायावर उभं राहण्याचं एवढं कौतुक असतं हे मला आधी माहीत असतं तर मी तरुणपणीच इथं आले असते. त्या लंगडी घालणाऱ्या शहाण्यांच्या मधून, कुणाला धक्का न लावता, हारुका सळसळत गेली आणि पलीकडच्या दुकानात शिरली. थोड्याच वेळात दोन कागदी पेले घेऊन बाहेर पडली. येतानाही धावत, पण हात स्थिर.

निमा तोंड उघडं टाकून बघत होती.

"ही तर धावते की गं!"

हारुकानं बाकावर पेले ठेवले, झाकण काढून बोट लावून बघितलं, आणि मघाच्या बाटलीतलं थोडं गार पाणी आत ओतलं. मग दोन्ही हातांनी पेला निमापुढे धरला. दुसरा माझ्यापुढे. "मावशी-सान," ती म्हणाली. हृषीनं तिला 'मावशी' शिकवलं होतं, मानाचं 'सान' तिचं तिनं जोडलं होतं. तिला धापही लागलेली नव्हती.

निमानं एक घोट घेतला. पाणी अगदी हवं तसं असणार, कारण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"मग मघापासून काय धाड भरली होती हिला?" ती मला म्हणाली. "म्हणजे पाय धड आहेत. मग दर दुकानाशी मुक्काम कशाला? म्हणजे उधळी आहे. माझ्या पोराचा पगार मोज्यांत घालवणार ही."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याकडे आहेच. ज्याला अंगण वाकडंच ठरवायचंय त्याच्यासाठीही एखादी हवी होती.

मी हारुकाच्या बुटांकडे बघितलं. नवे कोरे पांढरे बूट. नाडीला दुहेरी गाठ, आणि गाठीची टोकं व्यवस्थित आत खोचलेली. असली नाडी वर्षभर सुटायची नाही. मग मला तो मोज्यांचा बाजार आठवला, औषधांचं दुकान आठवलं, ती पाटी आणि तो दगडी बोळ आठवला. दर वेळी मी मागून येऊन पोचले होते, आणि मी पोचले की ती निघाली होती. एकदाही तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर मला कळलं असतं, आणि मी शहाणपणानं म्हटलं असतं, माझ्यासाठी थांबू नका.

मी तिला इंग्रजीत विचारलं, "आज तुझी नाडी फार वेळा सुटली, नाही?"

तिनं बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. "हे बूट," ती चाचरत म्हणाली, "चांगले बूट नाहीत."

जन्मभर मुलींच्या थापा ऐकत आलेय मी. गृहपाठाची वही गाईनं खाल्ली इथपासून सगळ्या. इतकी चांगली थाप मला कुणी मारली नव्हती. मी मान हलवली आणि म्हटलं, "खरंय. बूट वाईटच आहेत."

"काय म्हणतेय?" निमानं विचारलं.

"बूट चांगले नाहीत म्हणतेय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? पायातच काहीतरी आहे!"

मी पाणी पिऊन टाकलं. बोलण्यासारखं घशापर्यंत आलं होतं, पण तेवढ्यात पुलाच्या पायऱ्यांवरून हृषी उतरताना दिसला. गळ्यात टाय, हातात पिशवी, तोंडावर ते बावळट हसू.

"काय आई, फिरलात का? आवडलं का नाम्बा?"

"बघितलं," निमा म्हणाली.

"आणि?"

हारुका उठून उभी राहिली होती. दोन्ही हात समोर धरलेले. तिला शब्द कळत नव्हते, पण आता निकाल लागतोय हे कळायला भाषा लागत नाही.

निमानं पेला बाजूला ठेवला. पदर सारखा केला. "कळवू आम्ही."

"कळवू म्हणजे? आई, मी तुझा मुलगा आहे. मला काय कळवणार?"

"घाई करू नकोस. तिची जन्मवेळ विचारून घे. पत्रिका तरी बघायला नको? पत्रिका जुळायला हवी."

हृषीचा चेहरा पडला. तो मान खाली घालून उभा राहिला, ठोंब्या. हारुकानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिनंही मान खाली घातली. तिथं, त्या लाख दिव्यांच्या उजेडात, ती दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखी उभी होती, आणि निमा पर्समधून रुमाल शोधत होती. मला तिची अशी शिसारी आली की काय सांगू.

"निमे," मी म्हटलं, "तुझी पत्रिका कुणी बघितली होती गं?"

तिचा हात पर्समध्येच राहिला.

"ताई, इथं नको."

"इथंच. ही मुलगी दुपारपासून का थांबतेय, सांगू तुला? दम लागतो म्हणून नाही, आणि मोजे घ्यायचेत म्हणूनही नाही. मी मागे पडते म्हणून थांबतेय. लंगडी म्हातारी मागे राहू नये, आणि आपल्यासाठी कुणी थांबलंय हे तिला कळूही नये, म्हणून ही बिचारी दिवसभर बांधलेली नाडी बांधत बसली. तू तिच्या पायात खोट शोधत होतीस ना? खोट माझ्या पायात आहे, निमे. तुला माहीत असेल असं मला वाटत होतं."

"ताई..."

"आपण दोघी बरोबर किती चाललो, आठव. लग्नांना, मुंजींना, नरसोबाच्या वाडीला, दवाखान्यात. दर वेळी तू पुढे आणि मी मागे. एकदा तरी तुझी नाडी सुटली का?"

निमाचे ओठ हलले.

"मी... मी चपला घालते ना," ती म्हणाली.

आमच्या निमाचं हे असं आहे. फासावर चढवली तरी दोराचा रंग आवडला नाही म्हणेल.

"कसली पत्रिका, मावशी?" हृषी विचारत होता. "काय झालं? आई, कसली पत्रिका?"

"तुझ्या आईला विचार. सावकाश सांगेल ती," मी म्हटलं आणि उठले. "तुला हिला चालवून बघायचं होतं ना, निमे? बघून झालं. आता तू चालून दाखव. चला, मला भूक लागलीय."

हृषीनं आम्हाला न्यायचं ठरवलेलं हॉटेल त्याच भागात थोडं पुढे होतं, वरण-भात मिळणारं. निघताना मी हारुकाला जवळ बोलावून सांगितलं की आता तू हृषीबरोबर पुढे हो, आणि कुठंही थांबू नकोस. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी शाळेतला आवाज काढला. ती हसली, वाकली आणि गेली. बांधलेल्या नाडीसकट, छान लांब पावलं टाकत.

निमा त्यांच्या मागून गेली, तिच्या नेहमीच्या चालीनं, पदर खोचून. मी सगळ्यांच्या मागे. तिची पाठ बघत चालण्याची मला सवय आहे. ती पाठ लहान होत होत गर्दीत दिसेनाशी होणार हेही ठाऊक होतं. झालंही तसंच. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही भांड्यांच्या बाजारात शिरलो होतो. दोन्हीकडे कढया, सुऱ्या, झारे, आणि हॉटेलवाल्यांसाठी प्लॅस्टिकचे खोटे खाद्यपदार्थ विकणारी दुकानं. तिथले हॉटेलवाले असले नमुने दारात मांडून ठेवतात, की आत काय मिळतं ते बघूनच कळावं. मी एक वळण घेतलं, आणि बघते तर निमा.

एका काचेसमोर एकटी उभी होती. काचेत प्लॅस्टिकची लालभडक कोळंबी, मिशांसकट. शेजारी माशाची डोकी, आणि एक आख्खा ऑक्टोपस. मासळीबाजारावरून जायचं तर दोन गल्ल्यांचा वळसा घालणारी माझी बहीण त्या कोळंबीकडे एकटक बघत होती, जसं काही त्यातून तिला आजच्या आज निवड करायचीय. तिच्या बघण्यातला खोटेपणा दुधखुळ्या पोराच्याही लक्षात आला असता. हारुकाच्या पायाचं तीर्थ घेतलं तरी तिला ते जमणार नव्हतं.

मी तिच्याजवळ पोचले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"काय बाई एकेक करतात," ती काचेला म्हणाली. मग, "ताई, तिच्या पायाच्या बोटाचं माप विचारून घे. जोडवी करायला टाकावी लागतील."

जोडव्यांना माप लागत नाही. चेपली की बसतात. हे तिलाही माहीत होतं.

"विचारते," मी म्हटलं.

तिनं पदरानं नाक पुसलं आणि चालू लागली. थोडी पुढे गेली आणि पुढच्या दुकानाशी पुन्हा थांबली. तिथं नुसते खिळे आणि साखळ्या होत्या. ती मान वाकडी करून त्या साखळ्या बघू लागली, मागे न वळता.

मी मुद्दाम आणखी हळू चालले.